उलटे आटे

१८८० सालच्या नोव्हेंबरात अलेक्झांडर लँबर्ट नावाचा पाणबुड्या सेव्हर्न नदीखालच्या, पाण्याने तुडुंब भरलेल्या बोगद्यात शिरला. इंग्लंड आणि वेल्स यांना जोडणाऱ्या या रेल्वे बोगद्याचं काम वर्षभर ठप्प होतं. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात खोदताना जमिनीखालचा एक प्रचंड झरा फुटला होता. मजूर जीव घेऊन पळाले आणि त्या पळापळीत आतलं एक लोखंडी दार उघडंच राहिलं. ते दार लावल्याशिवाय पंपांना पाणी आवरणार नव्हतं. उतरायच्या खड्ड्यापासून दार जवळपास तीनशे मीटर आत. वाटेत ठार काळोख, उलटलेल्या ढकलगाड्या, तरंगणारे ओंडके. लँबर्टने आधी नेहमीचा पोशाख चढवून पाहिला होता, म्हणजे तांब्याचं शिरस्त्राण आणि वरून हवा पुरवणारी लांबलचक नळी. ती नळीच छताच्या तुळयांना घासत, अडकत राहिली. दार जवळ आलं असताना त्याला मागे फिरावं लागलं.

पुढच्या खेपेला नळी नव्हती. हेन्री फ्लूस हा व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी, वय तिशीच्या आत. त्याने दोनच वर्षांपूर्वी एक उपकरण तयार केलं होतं. पाठीवरच्या टाकीत दाबाखाली भरलेला ऑक्सिजन, आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेले दोराचे धागे. सोडलेला श्वास पाण्यात घालवायचा नाही, धुऊन पुन्हा आत घ्यायचा. फ्लूसने स्वतः बोगद्यात उतरून पाहिलं, पण त्या अंधारात त्याचा निभाव लागला नाही. मग लँबर्टने त्याचं उपकरण पाठीला बांधलं. दाराच्या आड येणारे रूळ उचकटले, दार लावलं, जवळचा व्हॉल्व्ह सांगितल्याप्रमाणे फिरवून बंद केला आणि तो सुखरूप परत आला.

पाणी अपेक्षेइतकं लवकर उतरेना. यथावकाश बोगदा रिकामा झाला तेव्हा उलगडा झाला. त्या व्हॉल्व्हचे आटे उलटे होते. लँबर्टने जीव धोक्यात घालून जो व्हॉल्व्ह बंद केला, तो प्रत्यक्षात त्याने उघडला होता.

पाण्याखाली स्वतःच्याच उच्छ्वासावर जगवणाऱ्या यंत्राची ही पहिली मोठी कामगिरी. आज या यंत्राला रिब्रीदर म्हणतात. वापरलेला वायू अजिबात बाहेर न सोडणारा असेल तर क्लोज्ड सर्किट रिब्रीदर. यंत्र नीट चाललं. माणसाचं धाडस आणि हाताचं कसब यांत काही कमी नव्हतं. कमी पडली ती एका आट्याची माहिती. ही यंत्रं बांधणारे आणि दुरुस्त करणारे तंत्रज्ञ कसे घडवतात हे वाचत गेलो, तसा हा प्रसंग मला अधिकाधिक महत्त्वाचा वाटू लागला, कारण त्या शिक्षणातला फार थोडा भाग पाना कसा धरायचा याबद्दलचा आहे. बराचसा भाग आहे तो ‘मी केलं म्हणजे झालं’ हा विश्वास मोडून काढण्याचा.

यंत्र समजायला अवघड नाही. आपण आत घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडतो त्यात अजून १६ टक्क्यांच्या आसपास उरतो. साध्या स्कूबात हा उरलेला ऑक्सिजन बुडबुड्यांबरोबर वर जातो. शिवाय खोली वाढली की उधळपट्टी वाढते. ३० मीटरवर दाब चौपट असतो, म्हणजे तीच टाकी चौपट वेगाने संपते. शरीर मात्र खोलीची पर्वा न करता तेवढाच ऑक्सिजन वापरतं, स्वस्थ असताना मिनिटाला पाव लिटर किंवा थोडा जास्त, अंगमेहनतीत अडीच-तीन लिटरपर्यंत. तेव्हा उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा, खर्च झाला तेवढाच ऑक्सिजन मिसळायचा आणि तोच वायू फिरवत राहायचं. दोन-तीन लिटरच्या छोट्या टाक्यांवर माणूस काही तास पाण्याखाली राहू शकतो. बुडबुडे नाहीत, आवाज नाही. म्हणून नौदलाच्या कमांडोंना हे यंत्र हवं असतं. डिसेंबर १९४१ मध्ये अलेक्झांड्रिया बंदरात शिरून दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी करणारे इटालियन पाणबुडे अशीच ऑक्सिजनची उपकरणं लावून आले होते. मासे बिथरू नयेत म्हणून सागरी जीवनाचं चित्रण करणाऱ्यांना ते हवं असतं, आणि लांबलचक जलमग्न गुहा धुंडाळणाऱ्यांनाही.

यंत्रात एक वर्तुळाकार वाट असते. तोंडातला मुखतुकडा, त्याच्या दोन्ही बाजूंना रबराच्या पातळ एकदिशा झडपा, दोन श्वासपिशव्या आणि मधोमध शोषक डबा. या डब्याला स्क्रबर म्हणतात. एक टाकी ऑक्सिजनची, दुसरी हवेची किंवा हेलियम मिसळलेल्या वायूची. ऑक्सिजन किती आहे हे सांगायला सेन्सर, सहसा तीन. त्यांचं वाचन पाहून सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडणारा छोटा संगणक. एवढंच. सुटे भाग टेबलावर मांडले तर एखाद्या हुशार पोराला दुपारभरात जोडता येतील, आणि धोक्याची सुरुवात नेमकी तिथेच होते.

साधी स्कूबा बिघडली तर कळतं. हवा धो धो सुटते किंवा श्वास ओढला तरी येत नाही. माणूस घाबरतो, काहीतरी करतो. रिब्रीदर बिघडला तरी श्वास येत-जात राहतो, तोच ऊबदार, दमट, सुखाचा श्वास. ऑक्सिजन कमी पडला तर आधी गुदमरल्यासारखं काही होत नाही, कारण गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि तो तर डब्यात शोषला जातोय. माणूस शांतपणे बेशुद्ध होतो. ऑक्सिजन जास्त झाला तर फिट येते, अनेकदा पूर्वसूचनेशिवाय. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली धोक्याचा होऊ लागतो. कार्बन डायऑक्साइड साठला तर डोकं गरगरतं, धाप लागते आणि त्या धापेत मुखतुकडा काढून दुसरा तोंडात घालण्याइतकाही अवसर मिळत नाही.

यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या धोक्याची किंमत ज्यांनी अंगावर घेऊन मोजली त्यांत जे. बी. एस. हाल्डेन होते. १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीदरम्यान बुडाली आणि ९९ जण गेले. चौघे बाहेर पडले, तेही डेव्हिस यांच्या सुटका-उपकरणाने, म्हणजे एका साध्या रिब्रीदरनेच. आतल्या माणसांचं कार्बन डायऑक्साइडने काय झालं असेल हे तपासायला हाल्डेन सहकाऱ्यांसह सीबी गॉर्मन कंपनीच्या पोलादी कोठीत स्वतःला कोंडून घेऊन बसले. पुढच्या काळात ऑक्सिजनच्या प्रयोगात त्यांना अशी फिट आली की मणक्यांना इजा झाली. आपल्याकडे त्यांची ओळख आहे ती आनुवंशशास्त्रज्ञ म्हणून. १९५७ मध्ये ते कोलकात्याला आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्याच काळात केनेथ डोनाल्ड या नौदलाच्या डॉक्टरने शेकडो चाचण्यांतून दाखवलं की ऑक्सिजन सोसण्याची ताकद माणसामाणसात वेगळी असतेच, पण एकाच माणसातही रोज वेगळी असते. काल चाललं म्हणून आज चालेल असं नाही. तंत्रज्ञाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की यंत्राच्या चुकीला माणसाचं शरीर सांभाळून घेईल ही आशा धरायचीच नाही.

हे यंत्र बनवणाऱ्या कंपन्या आपापले तंत्रज्ञ स्वतः तयार करतात. इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टन गावी एपी डायव्हिंगचा कारखाना आहे. १९९७ मध्ये त्यांनी ‘इन्स्पिरेशन’ नावाचा पिवळ्या पेटीतला रिब्रीदर बाजारात आणला आणि तोवर बहुतांशी नौदलांपुरतं असलेलं हे तंत्र हौशी पाणबुड्यांच्या हाती आलं. जर्मनीत ल्युबेकला ड्रेगर आहे, १८८९ पासून. या कंपनीचा धंदा बिअर ओतताना लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा दाब आवरणाऱ्या व्हॉल्व्हपासून सुरू झाला. पुढे भूल देण्याची यंत्रं, मग खाणीतल्या बचावपथकांची श्वसनयंत्रं. कॅनडाच्या कोळसा खाणींत बचावपथकातल्या माणसाला ‘ड्रेगरमॅन’ म्हणत, इतकं ते नाव रुजलं. अमेरिकेच्या नौदलाची डायव्हिंगची शाळा फ्लोरिडात पनामा सिटीला आहे. एका कंपनीचा दाखला दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला चालत नाही. स्कूटर दुरुस्त करणारा मोटरसायकललाही हात घालतो, तसं इथे धकत नाही.

शिक्षणाची सुरुवात बहुधा स्वच्छतेने होते आणि नवख्याला ती कंटाळवाणी वाटते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये इतर जवळपास सगळं जळतं, अगदी धातूसुद्धा. टाकीचा व्हॉल्व्ह झटकन उघडला की २०० बार दाबाचा वायू पुढच्या बंद टोकावर आदळतो आणि दाबला गेल्यामुळे क्षणभर कित्येक शे अंशांपर्यंत तापतो. तिथे नखाएवढा तेलाचा डाग असेल तर तो पेटतो, त्याने रबराची रिंग पेटते, रिंगेने पितळ किंवा पोलाद. म्हणून व्हॉल्व्ह हळू उघडायचा, आणि ज्या भागातून दाबाचा ऑक्सिजन जातो तिथे पेट्रोलियमचं किंवा सिलिकोनचं ग्रीस लावायचं नाही. तिथे फ्लोरिनयुक्त खास ग्रीस लागतं, ज्याची छोटीशी ट्यूबही महाग. भाग धुऊन झाले की अतिनील दिव्याखाली बघायचे, पाण्याचा थर न तुटता पसरतो का हे पाहायचं. थेंब गोळा होत असतील तर तेल उरलं आहे. आपल्या गॅरेजात काळे हात ही अनुभवाची खूण मानतात. इथे काळ्या हाताने येणाऱ्याला दारातूनच परत पाठवतात.

मग येतो शोषक डबा. यात सोडा लाइमचे दाणे भरतात, साधारण एक ते अडीच मिलिमीटरचे. मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइड, थोडा कॉस्टिक सोडा आणि बरंच पाणी. कार्बन डायऑक्साइड त्यातून गेला की खडू आणि पाणी तयार होतं, उष्णता सुटते. दाणे पार कोरडे पडले तर प्रक्रिया मंदावते. डब्यात समुद्राचं पाणी शिरलं तर जो दाहक द्रव तयार होतो तो तोंड भाजतो. डबा भरण्याची एक रीत आहे. थोडे दाणे घालायचे, बाजूने टकटक करत बसवायचे, पुन्हा घालायचे. वर्षाचे तांदूळ भरताना घरोघरी डबा आपटून बसवतात तसंच. फरक इतकाच की तांदळात पोकळी राहिली तर डब्यात दोन मुठी कमी मावतात, इथे पोकळी राहिली तर उच्छ्वास दाण्यांना न भेटता त्या फटीतून सरळ निघून जातो आणि कार्बन डायऑक्साइड पुन्हा तोंडात येतो. ही फट बाहेरून दिसत नाही. डब्याच्या कडेची एक ओ-रिंग बसवायची राहिली तरी तेच होतं, आणि तरी यंत्र गळतीच्या चाचणीत उत्तीर्ण होऊ शकतं, कारण ती गळती बाहेर होत नाही, आतल्या आत होते. युरोपच्या ईएन १४१४३ या मानकाप्रमाणे डब्याची चाचणी ४ अंश तापमानाच्या पाण्यात, ४० मीटर खोलीच्या दाबाला, मिनिटाला ४० लिटर श्वास घेणाऱ्या यांत्रिक फुप्फुसावर होते आणि त्यात मिनिटाला १.६ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. कंपनी जे तास छापते ते अशा चाचणीचे असतात. उन्हात गाडीच्या डिकीत पडून राहिलेल्या दाण्यांना ते लागू होत नाहीत.

पण सगळ्यात रंजक, आणि मला वाटतं सगळ्यात अवघड, प्रकरण सेन्सरचं. हा सेन्सर म्हणजे छोटी रासायनिक बॅटरी. आत शिसं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड, समोर टेफ्लॉनचा पातळ पडदा. पडद्यातून जितका ऑक्सिजन आत झिरपेल तितका प्रवाह तयार होतो, आणि शिसं झिजत जातं. बाहेरच्या हवेत तो साधारण ८ ते १३ मिलिव्होल्ट दाखवतो. समजा १० दाखवले, तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये सुमारे ४८ दाखवायला हवेत. त्याच ऑक्सिजनमध्ये सहा मीटर खोलीइतका दाब दिला, म्हणजे १.६ बार, तर ७६च्या आसपास. हा हिशेब सरळ रेषेत चालला तर सेन्सर धडधाकट.

आता म्हातारा सेन्सर घ्या. हवेत १० दाखवतो. शुद्ध ऑक्सिजनमध्येही ठीक. जमिनीवरची तपासणी तो पास होतो. पण त्यातलं शिसं इतकं झिजलंय की तो ५२च्या वर जाऊच शकत नाही. पाणबुड्याने संगणकाला सांगितलंय की ऑक्सिजनचा दाब १.३ बार राख. त्यासाठी सेन्सरने ६२ दाखवायला हवेत. सेन्सर म्हणतो ५२, संगणक म्हणतो कमी आहे, आणखी ऑक्सिजन सोड. सोडतो. सेन्सर अजून म्हणतो ५२. संगणक सोडत राहतो. खरा दाब १.६, १.८, २ होतो आणि पडद्यावर १.१च्या आसपासचा निरुपद्रवी आकडा दिसत राहतो.

यावर उपाय म्हणून तीन सेन्सर बसवतात आणि त्यांचं मतदान घेतात. जे दोन जवळजवळ सारखं सांगतात त्यांचं ऐकायचं, तिसऱ्याला खोटा ठरवायचं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण तिन्ही सेन्सर एकाच दिवशी, एकाच खोक्यातून काढून बसवले असतील तर ते एकाच चालीने म्हातारे होतात. दोन एकदम थकले की ते दोघे मिळून तिसऱ्या, खऱ्या सेन्सरला मतदानात हरवतात. बहुमत बरोबर असतं असं मानणाऱ्या यंत्राला बहुमत चुकलं आहे हे कसं कळणार? म्हणून चांगला तंत्रज्ञ सेन्सरच्या पाठीवरची तारीख पाहतो, प्रत्येकाचं वाचन दर वेळी वहीत लिहितो, छोट्या दाबकोठीत घालून त्याला १.६ बारपर्यंत चढवतो, आणि वर्ष-दीड वर्षात तो उत्तम चालत असला तरी फेकून देतो. चालू वस्तू फेकून देणं आपल्या हाताला जड जातं. शिकवणाऱ्याला ही सवय लावताना कष्ट पडत असणार यात मला शंका नाही.

यंत्रात मती गुंतलेल्यांनी या वाटेवर बरंच सोसलं आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांनी ‘इलेक्ट्रोलंग’ काढला, सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारा पहिला विकाऊ रिब्रीदर. काही मृत्यूंनंतर त्याची विक्री थांबली. डिसेंबर १९८७ मध्ये फ्लोरिडातल्या वाकुला झऱ्यात बिल स्टोन स्वतः बनवलेल्या यंत्रावर सलग २४ तास पाण्याखाली राहिले. त्या यंत्रात जवळपास प्रत्येक गोष्ट दोनदा होती, कारण कुठलीही एक गोष्ट बंद पडेल हे त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. मग कॅनडात, डेन्मार्कमध्ये, बेल्जियममध्ये, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात छोट्या कार्यशाळांतून वेगवेगळ्या धाटणीची यंत्रं आली.

आणि मृत्यूही आले. अँड्र्यू फॉक या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९९८ ते २०१० या काळातले हौशी रिब्रीदर पाणबुड्यांचे १८१ मृत्यू तपासले. त्यांचा अंदाज असा की साध्या स्कूबापेक्षा धोका सुमारे दहापट. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त लागली. अमुक कंपनीचं यंत्र वाईट आणि तमुकचं चांगलं असं काही त्यांना आढळलं नाही. बाजारात ज्याचा जितका वाटा, मृत्यूंतही साधारण तितकाच. मग दोष कुठे? एक उत्तर असं की प्रशिक्षित तंत्रज्ञ वर्षातून एकदा यंत्र उघडतो, पण पाणबुडा ते दर बुडीआधी उघडतो. डबा तो भरतो, झडपा तो बसवतो, ओ-रिंगला ग्रीस तो लावतो, तेही कधी हॉटेलच्या खोलीत, कधी हलत्या होडीत, कधी बोलता बोलता. म्हणजे प्रत्येक रिब्रीदर पाणबुडा हा अर्धा तंत्रज्ञ असतोच, फक्त त्याला तसं शिकवलेलं नसतं. २०१२ मध्ये ऑर्लँडोला भरलेल्या रिब्रीदर परिषदेत जाणकारांनी जे ठराव केले त्यात छापील तपासयादीवर मोठा भर होता. नवं इलेक्ट्रॉनिक्स, नवा मिश्रधातू असं काही नाही, कागदावरची यादी, जी पाठ असली तरी वाचून एकेक खूण करायची.

यंत्राला दोष देता येणार नाही अशीही एक घटना आहे आणि तंत्रज्ञाने ती माहीत करून घ्यायला हवी. ८ जानेवारी २००५ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या विवरात डेव्हिड शॉ २७० मीटर खोल गेले. १९९४ मध्ये तिथे मेलेल्या डीऑन ड्रेयर या तरुणाचा देह वर आणायचा होता. डोक्यावरच्या कॅमेऱ्यात शेवटपर्यंतचं चित्रण राहिलं. यंत्र चालत होतं. पण त्या खोलीवर वायू इतका दाट होतो की थोड्या झटापटीनेही फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकू शकत नाहीत, आणि जो बाहेरच पडत नाही तो स्क्रबर कसा शोषणार? त्यांचा साथीदार डॉन शर्ली याच्या यंत्राचा नियंत्रक दाबाखाली निकामी झाला. त्याने ऑक्सिजन हाताने मोजून सोडत यंत्र चालवलं आणि तो जिवंत वर आला. संगणक बंद पडला तरी हाताने चालवता येईल अशी सोय यंत्रात असणं आणि ती माणसाच्या अंगवळणी असणं, दोन्ही लागलं.

दुरुस्तीच्या शिस्तीचा सगळ्यात कडक नमुना नौदलांत दिसतो. १० एप्रिल १९६३ला ‘थ्रेशर’ ही अमेरिकन पाणबुडी १२९ माणसांसह बुडाली. नळाच्या एका सांध्यावर संशय होता. त्यानंतर अमेरिकन नौदलाने पाणबुड्यांसाठी कडक सुरक्षा-कार्यक्रम आखला. पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांच्या जिवाचा आधार असलेल्या डायव्हिंग यंत्रणांनाही तशीच प्रमाणपत्रांची चौकट आली. तिच्यात री-एंट्री कंट्रोल नावाची पद्धत आहे. तपासून प्रमाणित झालेला एखादा सांधा पुन्हा उघडायचा असेल तर आधी कागद भरायचा. कशासाठी उघडतोय, कुठले भाग काढले, कुठले नवे घातले आणि ते कुठून आले, किती टॉर्कने आवळलं, कुठली चाचणी घेतली, कोणी पाहिलं. कागद पूर्ण होईपर्यंत ते यंत्र कितीही छान चालत असलं तरी पाण्यात जात नाही. आपल्या सरकारी कचेऱ्यांमुळे कागद या वस्तूबद्दल आपल्या मनात अढी आहे. पण इथला कागद वेगळं काम करतो. सांधा उघडणाऱ्याला तो क्षणभर थांबवतो आणि विचारतो, हे आटे कुठल्या बाजूचे आहेत ते पाहिलंस का?

आपल्याकडे याचं काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. मुंबईत नौदलाच्या मरीन कमांडोंचा तळ आहे, आयएनएस अभिमन्यू, आणि बुडालेल्या पाणबुडीतून माणसं सोडवणारं खोल पाण्यातलं वाहन २०१८ मध्ये मुंबईतच नौदलात आलं. ते बनवणारी जेएफडी ही ब्रिटिश कंपनी रिब्रीदरही बनवते. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, पण तिथली गरज साध्या टाकीची. विदर्भात मात्र क्लोज्ड सर्किट यंत्रांचा जुना परिचय आहे. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या कोळशामुळे वेस्टर्न कोलफील्ड्सला खाणींतलं बचावपथक ठेवावंच लागतं, आणि विषारी धुरात चार-चार तास काम करणाऱ्या त्या माणसांच्या पाठीवर जे असतं तो कोरड्या जमिनीवरचा रिब्रीदरच. भारतातल्या खाणींत आधी सीबी गॉर्मनचा ‘प्रोटो’ संच होता, नंतर ड्रेगरचे आले. तेच दाणे, तीच गळतीची चाचणी, आत जाण्याआधी तीच तपासणी.

त्याहून मोठी फौज मात्र आपल्याला दिसूनही दिसत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात भूल देण्याचं यंत्र पाहा. बाजूच्या पारदर्शक डब्यातले दाणे संपत आले की रंग बदलतात. ते सोडा लाइमच. राल्फ वॉटर्स यांनी भूल देताना त्याचा डबा वापरायला सुरुवात केली १९२४ मध्ये. रुग्णाने सोडलेला श्वास धुऊन पुन्हा रुग्णालाच दिला जातो, एकदिशा झडपांतून, वर्तुळात. ऑक्सिजन मोजायला पुष्कळ यंत्रांत तोच शिशाचा सेन्सर असतो, तोच वर्ष-दीड वर्षात संपणारा. बायोमेडिकलचा जो तंत्रज्ञ तो बदलतो, गळती तपासतो, झडप चिकटली का पाहतो, त्याला रिब्रीदरमधला बराचसा भाग आधीच येतो. दाण्यांचा रंग थोडा वेळ ठेवल्यावर पुन्हा पांढरा होतो आणि ताजे असल्याचा भास होतो, हेही त्याला ठाऊक असतं. खाणीत किंवा पाण्याखाली रंगावर विसंबायचं नाही हे त्याला निराळं सांगावं लागणार नाही.

उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी. रुग्णालयात यंत्र चुकलं तर शेजारी भूलतज्ज्ञ उभा असतो, पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची रेघ धावत असते, गजर वाजतो आणि हाताने दाबायची पिशवी जवळच टांगलेली असते. म्हणून तिथला तंत्रज्ञ बिघाड झाल्यावर बोलावला जातो आणि सापडलेला बिघाड दूर करून जातो. पाण्याखाली गजर ऐकणारा आणि ज्याचं डोकं ऑक्सिजनअभावी बंद पडतंय तो एकच माणूस असतो. उद्या कुणी अशा तंत्रज्ञांचा वर्ग मुंबईत किंवा नागपुरात भरवलाच, तर त्यात दाबाची गणितं, ऑक्सिजनची स्वच्छता आणि री-एंट्रीचे कागद शिकवावे लागतीलच. पण शेवटची परीक्षा मी अशी घेईन. यंत्रात मुद्दाम दोन दोष ठेवायचे. एक सहज सापडणारा, समजा गळकी नळी. दुसरा आत, मुखतुकड्यातली एक रबरी झडप काढूनच टाकलेली. परीक्षार्थ्याला दोन आहेत हे सांगायचं नाही. नळी बदलली, गळती थांबली, चाचणी पास झाली म्हणून ज्याने पाना खाली ठेवला, त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बसायला सांगायचं.